दाव्याचे पहिले पान

प्रति,
मा. मुख्य न्यायमूर्ती,
मुंबई उच्च न्यायालय, मुंबई

विषय : दिवाणी दावा दाखल करण्याची रीत पक्षकाराला कोर्टाच्या दारातच, मराठीत आणि एकाच वेळी समजावी, याबाबत.

सन्माननीय महोदय,



मी नाशिक जिल्ह्यात गेली सव्वीस वर्षे दिवाणी वकिली करतो. नाशिक, निफाड, दिंडोरी, सिन्नर, अधूनमधून चांदवड, असा माझा आठवडा जातो. हे पत्र कोणत्याही एका खटल्याविषयी नाही, कोणा न्यायाधीशांविषयी किंवा कर्मचाऱ्यांविषयी तर नाहीच. ते एका दिवसाविषयी आहे. माणूस आपले गाऱ्हाणे कागदावर उतरवून फायलिंगच्या खिडकीशी पहिल्यांदा उभा राहतो, तो दिवस. पडणाऱ्या तारखांवर आणि साचलेल्या प्रकरणांवर पुष्कळ लिहिले जाते. या पहिल्या दिवसावर फारसे कोणी लिहीत नाही, आणि माझ्या डोळ्यांदेखत बरेचसे नुकसान तिथेच झालेले आहे.

काही वर्षांपूर्वी निफाड तालुक्यातले एक द्राक्षबागायतदार माझ्याकडे आले. हातात प्लास्टिकची पिशवी. पिशवीत वजनाच्या चिठ्ठ्या आणि वहीतून फाडलेले एक पान. पानावर गाड्यांचे नंबर, वजन, किलोचा दर आणि खाली परप्रांतातल्या व्यापाऱ्याच्या माणसाची सही. माल भरून गाड्या गेल्या, थोडे पैसे आले, मग फोन बंद झाला. आमच्या भागात ही गोष्ट कोणालाही नवी नाही. हे गृहस्थ मात्र हातावर हात ठेवून बसले नव्हते. त्यांनी ओळखीच्या मुलाकडून दावा टाइप करून घेतला आणि एका तालुक्याच्या कोर्टात स्वतः नेला होता. स्वतःचा दावा स्वतः चालवण्याची मुभा कायद्याने दिलेली आहे, तेव्हा त्यात वावगे काही नव्हते.

पहिल्या खेपेला त्यांना सांगितले गेले की सोबत प्रतिज्ञापत्र नाही. ते करून आणले. दुसऱ्या खेपेला कळले की दाव्याची जोडप्रत नाही, प्रतिवादीला द्यायच्या नकला नाहीत. तिसऱ्या खेपेला कागदयादी नव्हती, समन्स बजावणीच्या पत्त्याचा मेमो नव्हता. चौथ्या खेपेला कोर्ट फी कमी भरली. प्रत्येक वेळी जे सांगितले ते कायद्याला धरूनच होते. पण या चारही गोष्टी पहिल्याच दिवशी एका कागदावर लिहून मिळाल्या असत्या, तर चार खेपा पडल्या नसत्या. मधे छाटणीचे दिवस गेले, मजुरांची ओढाताण गेली, कोर्टाची सुट्टी गेली. विकलेल्या मालाच्या किमतीसाठी मुदत कायद्याने तीन वर्षांची. ते माझ्याकडे आले तेव्हा त्यातले एकोणीस दिवस उरले होते.

त्यांचा दावा मुदतीत दाखल झाला. दिंडोरी तालुक्यातल्या एका बहिणीच्या बाबतीत तसे घडले नाही. भावांनी कर्जाचे कागद म्हणून हक्कसोडपत्रावर तिची सही घेतली होती. सातबाऱ्यावरून आपले नाव गेल्याचे तिला कळले, त्या दिवसापासून दस्त रद्द करून मागायला तीन वर्षे होती. वकिलाची आणि स्टँपची रक्कम साठेपर्यंत थांबू, म्हणून ती थांबली. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ प्रमाणे स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, कोर्ट फीचा खर्चही त्या मदतीत बसतो, हे तिला कोणी सांगितलेच नव्हते. दावा उशिरा आला. प्रतिवादींच्या कैफियतीत पहिलाच मुद्दा मुदतीचा होता.

महोदय, ही दोन्ही माणसे कायदा अवघड असल्यामुळे अडली नाहीत. मूळ कायदा तसा सरळ आहे. दिवाणी प्रक्रिया संहिता १९०८ सालची. तिचे कलम २६ सांगते की वादपत्र हजर केले की दावा सुरू होतो. सोबत त्यातल्या हकिकतीला दुजोरा देणारे प्रतिज्ञापत्र लागते. ऑर्डर ७ चा पहिला नियम वादपत्रात काय लिहायचे ते एकेक करून सांगतो : कोर्टाचे नाव, वादी कोण, प्रतिवादी कोण आणि राहतो कुठे, घडले काय, दाव्यास कारण केव्हा घडले, हा दावा याच कोर्टात का, दाव्याची किंमत किती आणि मागणे काय. मिळकत असेल तर गट नंबर, चतुःसीमा, ओळख पटेल असे वर्णन. ऑर्डर ६ म्हणते की महत्त्वाची हकीकत थोडक्यात लिहा, पुरावा लिहू नका. गावचा पोलीस पाटील पंचनामा लिहितो तेव्हाही साधारण हेच प्रश्न विचारतो. कोण, कुठे, केव्हा, काय आणि आता काय पाहिजे.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की या संहितेला परिशिष्ट अ जोडलेले आहे. त्यात वादपत्रांचे तयार नमुने आहेत. उसने दिलेल्या पैशांचा नमुना आहे, ठरल्या दराने विकून पोचता केलेल्या मालाचाही आहे. माझ्या द्राक्षबागायतदाराला नेमका तोच पाहिजे होता. हे नमुने जिथे लागू पडतात तिथे ते वापरावेत, आणि पडत नसतील तिथे त्याच धर्तीवर लिहावे, असे ऑर्डर ६ चा नियम ३ सांगतो. म्हणजे सामान्य माणसाने वाचून भरावा असा कागद १९०८ सालीच तयार झाला होता. तो आज वकिलांच्या कपाटातल्या जाड पुस्तकात शेवटच्या पानांवर आहे, आणि तोही बहुधा इंग्रजीत.

भाषेचा प्रश्न आपल्या राज्याने कागदावर केव्हाच सोडवला आहे. २१ जुलै १९९८ च्या अधिसूचनेने जिल्हा आणि तालुका पातळीवरच्या कोर्टांची भाषा मराठी ठरली. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्याचा आम्हा सर्वांना आनंद झाला. पण जी भाषा अभिजात म्हणून गौरवली, तिच्यात 'दावा कसा दाखल करावा' हे सांगणारे एक पान निफाडच्या, पेठच्या किंवा सुरगाण्याच्या माणसाला खिडकीशी मिळत नसेल, तर तो आनंद अपुरा आहे.

निफाडचा उल्लेख मी मुद्दाम करतो. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचा जन्म १८ जानेवारी १८४२ रोजी निफाडला झाला. मुंबई उच्च न्यायालयाच्या खुर्चीवर बसण्याआधी त्यांनी कित्येक वर्षे दुय्यम न्यायाधीश म्हणून काम केले, आणि १८७८ मध्ये त्यांची पुण्याहून नाशिकला बदली झाली होती. त्याच्या तीनच वर्षे आधी, मे १८७५ मध्ये, सुपे गावातून दख्खनचे दंगे पेटले होते. रयतेने सावकारांच्या घरातली खतपत्रे जाळली. त्या दंग्यांच्या चौकशीत जे उघड झाले, त्यातली एक गोष्ट आजही काळजाला लागते. सावकार दावा लावायचा, समन्स कुणब्यापर्यंत पोचायचे नाही, किंवा पोचले तरी त्याला ते वाचता यायचे नाही, आणि कोर्टात एकतर्फी हुकूमनामा व्हायचा. जमीन गेल्यावरच त्याला कळायचे की आपल्यावर दावा होता.

त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी मदत कायदा आला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या जिल्ह्यांसाठी. त्या कायद्याने दाव्याच्या पहिल्या पायरीलाच हात घातला. शेतकऱ्यावर दावा लावण्याआधी सलोखा करणाऱ्या पंचाकडे जायचे, तिथे मिटले नाही तर त्याचा दाखला घ्यायचा आणि मगच कोर्टाची पायरी चढायची. रानड्यांनी पुढे या कायद्याखाली विशेष न्यायाधीश म्हणून काम पाहिले. आज व्यापारी वादांत आपण पुन्हा त्याच वाटेवर आलो आहोत. वाणिज्य न्यायालय कायद्याचे कलम १२अ तातडीची मागणी नसेल तर दाव्याआधी मध्यस्थी करायला सांगते, आणि २०२२ मध्ये पाटील ऑटोमेशनच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ती पायरी सक्तीची ठरवली. दंग्यांच्या काळातल्या माणसांना एक गोष्ट कळली होती : न्याय पुढे कसाही होवो, आधी दार नीट असले पाहिजे. आत येणाऱ्याला ते सापडले पाहिजे, आणि ज्याला आत बोलावले त्याच्यापर्यंत हाक पोचली पाहिजे.

या दाराची ताकद महाराष्ट्राने महाडला पाहिली. चवदार तळे आपल्या मालकीचे आहे असे सांगत १२ डिसेंबर १९२७ रोजी महाडच्या दुय्यम न्यायाधीशांच्या कोर्टात डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांवर दावा दाखल झाला. त्याचा नंबर ४०५. दोनच दिवसांत, १४ डिसेंबरला, दुसरी बाजू ऐकण्याआधी तात्पुरता मनाई हुकूम झाला. तळ्याच्या पाण्यासाठीचा २५ डिसेंबरचा सत्याग्रह हजारो माणसे जमलेली असताना थांबवावा लागला. उच्च न्यायालयाचा निकाल बाबासाहेबांच्या बाजूने लागला तो १७ मार्च १९३७ रोजी. दावा दाखल व्हायला एक दिवस, हुकूम व्हायला दोन दिवस, आणि तळ्याचे पाणी कोणाचे हे ठरायला जवळपास दहा वर्षे. बाबासाहेब स्वतः बॅरिस्टर होते, म्हणून ते शेवटपर्यंत लढू शकले.

आज कायदा प्रतिवादीला जास्त सांभाळतो. तात्पुरत्या मनाईच्या अर्जावर, ज्याला आम्ही सगळे निशाणी ५ म्हणतो, शक्यतो दुसऱ्या बाजूला नोटीस दिल्याशिवाय हुकूम करू नये असे ऑर्डर ३९ सांगते. आपल्यावर दावा येईल अशी धास्ती असेल तर कलम १४८अ खाली आधीच कॅव्हेट लावता येते, ते ९० दिवस टिकते. समन्स मिळाल्यावर ३० दिवसांत कैफियत द्यायची, कोर्टाने मुदत वाढवली तर ९० दिवसांपर्यंत. पण हे सगळे ज्याच्या घरी बेलिफ जातो त्याला कोण सांगते? समन्सचा कागद हातात पडल्यावर माणूस पहिल्यांदा शेजाऱ्याला दाखवतो, मग सरपंचाला, मग तालुक्याच्या गावी ओळखीच्या कोणाला. तीस दिवसांतले वीस तिथेच जातात.

दुसरी एक अडचण खास आपल्या राज्याची आहे. कोणत्या वादाला कोणते दार, हेच लोकांना माहीत नसते. वहिवाटीचा रस्ता कोणी अडवला तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ खाली सहा महिन्यांच्या आत तहसीलदारांकडे जाता येते. तोच शेतकरी वर्षभर ग्रामपंचायतीच्या दारी हेलपाटे घालतो आणि ती मुदत घालवून बसतो. सरकारवर दावा करायचा तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस. महापालिकेवर करायचा तर महापालिका कायद्याच्या कलम ४८७ ची एक महिन्याची. सहकारी संस्थेच्या कामकाजाबाबत संस्थेवर करायचा तर सहकारी संस्था कायद्याच्या कलम १६४ खाली निबंधकांना दोन महिन्यांची, आणि सभासदाचा संस्थेशी वाद असेल तर दिवाणी कोर्ट नव्हे, सहकार न्यायालय. द्राक्षाच्या पैशांचा दावा व्यापारी राहतो त्या राज्यातच लावला पाहिजे असे अनेकांना वाटते आणि ते तिथेच हिंमत सोडतात. खरे तर संहितेच्या कलम २० प्रमाणे व्यवहार जिथे घडला, माल जिथे तोलला, तिथल्या कोर्टातही तो चालतो. एवढे एक वाक्य माहीत असते तर कित्येक बागायतदार कोर्टापर्यंत आले असते.

बाहेरच्या जगातले एक उदाहरण देतो. अमेरिकेतल्या फेडरल कोर्टांचे दिवाणी नियम १९३८ पासून चालू आहेत. त्यांचा तिसरा नियम एका ओळीचा आहे : तक्रार कोर्टात दाखल केली की दावा सुरू झाला. आठवा नियम सांगतो की हकीकत थोडक्यात आणि साध्या भाषेत लिहा. आपल्या कलम २६ आणि ऑर्डर ६ मध्ये याहून वेगळे काय आहे? फरक आहे तो दाराशी. ज्याच्याकडे वकील नाही त्याच्यासाठी तिथली कोर्टे रिकाम्या जागा असलेले छापील नमुने आणि सूचना संकेतस्थळावर मोफत ठेवतात. प्रतिवादीने समन्सची औपचारिक बजावणी न घेता कागद आपणहून स्वीकारले, तर त्याला उत्तर द्यायला २१ ऐवजी ६० दिवस मिळतात. हाक ऐकणाऱ्याचा तिथे फायदा होतो. परिशिष्ट अ आपल्याकडे त्याच्या कितीतरी आधीपासून आहे. आपण ते फक्त कपाटातून बाहेर काढलेले नाही.

म्हणून आपल्याकडे चार विनंत्या करतो. संहितेचे कलम १२२ आपल्या न्यायालयाला खालच्या दिवाणी कोर्टांच्या कामकाजाचे नियम करण्याचा अधिकार देते, आणि कलम १२३ ची नियम समिती त्याचसाठी आहे. यातल्या बऱ्याच गोष्टींना तर नियमदुरुस्तीही लागणार नाही. एक परिपत्रक पुरेल.

पहिली विनंती. प्रत्येक दिवाणी कोर्टाच्या फायलिंगच्या खिडकीशेजारी आणि संकेतस्थळावर एक पानाची मराठी यादी असावी. वादपत्र, जोडप्रत, प्रतिज्ञापत्र, सत्यापन, कागदयादी, पत्ता, कोर्ट फी, प्रतिवादींइतक्या नकला. त्याखाली ठळक अक्षरांत : वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय याच आवारात कोठे आहे.

दुसरी विनंती. परिशिष्ट अ मधले नमुने साध्या मराठीत करून, वाटप, ताबा, मनाई, वसुली आणि करारपूर्ती या आपल्याकडच्या नेहमीच्या दाव्यांसाठी रिकाम्या जागांसह छापावेत. 'सबब', 'येणेप्रमाणे', 'दावा मिळकत' ही आमची भाषा आम्हाला गोड वाटते, पण नमुन्यात ती समजेल एवढीच असावी.

तिसरी विनंती, आणि मला सगळ्यांत महत्त्वाची वाटणारी. दाव्यात त्रुटी असतील तर त्या सगळ्या एकाच वेळी, लेखी, ठरलेल्या दिवसांत कळवाव्यात. आणि पहिल्या दिवशी कागद हजर झाल्याचा शिक्का व तारीख पक्षकाराच्या प्रतीवर पडावी, म्हणजे मुदतीचा प्रश्न आल्यास तो कोणत्या दिवशी आला होता हे त्याला दाखवता येईल. कमी पडलेली कोर्ट फी नंतर भरू देण्याचा अधिकार कलम १४९ ने कोर्टाला दिलेला आहेच. ई-फायलिंगमध्येही हेच व्हावे. संगणकाने चार वेळा एकेक त्रुटी दाखवणे हे खिडकीवरच्या चार खेपांपेक्षा वेगळे नाही.

चौथी विनंती. प्रत्येक समन्ससोबत एक मराठी पान जावे. आपल्यावर दावा झाला आहे, इतक्या दिवसांत कैफियत द्यायची आहे, हजर न राहिल्यास एकतर्फी निकाल होऊ शकतो, आणि मोफत वकील येथे मिळतो. १८७५ च्या रयतेला हे पान मिळाले नव्हते. आजच्या रयतेला मिळावे.

यावर माझेच काही सहकारी म्हणतील की यामुळे लोक वकिलाशिवाय वेडेवाकडे दावे दाखल करतील आणि कोर्टाचा वेळ जाईल. माझा अनुभव उलटा आहे. ज्याला आपला दावा काय आहे हे कळते तो वकिलाकडे लवकर येतो, पूर्ण कागद घेऊन येतो आणि खोटी आशा धरत नाही. दाव्यास कारण नसलेले वादपत्र फेटाळायला ऑर्डर ७ चा नियम ११ समर्थ आहे. आमच्या व्यवसायाला लोकांच्या अज्ञानाची गरज नाही. असली तर ती आमच्यासाठी लाजेची गोष्ट आहे. नागपूरच्या उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती राहिलेले विवियन बोस यांनी १९५५ साली सर्वोच्च न्यायालयात संग्रामसिंग यांच्या प्रकरणात हेच सांगितले होते : प्रक्रिया न्यायाला वाट करून देण्यासाठी असते, माणसाला ठेच लावण्यासाठी नाही.

निफाडच्या त्या बागायतदारांचा दावा दाखल झाला त्या दिवशी मी त्यांना वादपत्राची प्रत दाखवली. वर शिक्का, नंबर आणि 'निशाणी १'. त्यांनी चष्मा लावला आणि पहिले पान खालपर्यंत वाचले. मग म्हणाले, "वकीलसाहेब, हे तर मीच सांगितलं होतं. एवढंच लिहायचं होतं का?" एवढेच लिहायचे होते. पुढे दोनदा समन्स परत आले, तिसऱ्यांदा लागले, आणि प्रकरण लोकअदालतीत मिटले. सगळी रक्कम मिळाली नाही, पण बरीच मिळाली, आणि भरलेली कोर्ट फी परत आली. ते आजही भेटतात तेव्हा रकमेचे फारसे बोलत नाहीत. त्या चार खेपांचे बोलतात.

महोदय, फायलिंगच्या खिडकीशेजारच्या भिंतीवर आज सुट्ट्यांची यादी असते, वेळापत्रक असते. त्यांच्या बाजूला एका पानाची जागा रिकामी असते. आपल्या सहीने तिथे एक पान लागावे, एवढीच प्रार्थना.

आपला नम्र,
नाशिकच्या दिवाणी कोर्टातला एक वकील